वाणात दिलेली मतं

ज्या घरात दोन जावा एकाच कामात असतात, त्या घरात किस्से साठवावे लागत नाहीत. आमच्या लॅबमधल्या सॅम्पलच्या बाटल्यांसारखे ते आपोआप साठतात. रोज एक येते, लेबल लागतं, कपाटात जाते आणि फेकायचा दिवस काही उगवत नाही. परवा सकाळी कंपनीच्या बसमध्ये मैत्रिणींना एक सांगायला घेतला, तर मोहोपाडा येईपर्यंत पाच झाले. त्या म्हणाल्या, "सुषमा, यातला तुझा एक तरी आहे का गं? सगळे रुपालीचेच." मी म्हटलं, दुखतं तिथंच हात जातो.

रुपाली म्हणजे माझी धाकटी जाऊ.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर लोकांना वाटतं जावाजावांचा पापडाचा धंदा आहे. इंटरनेटवर ब्लॉकचेन म्हणून एक नोंदवही असते. ती एका कचेरीत नसते, जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर तिची तीच प्रत असते. तिच्यात तुमचा पत्ता म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. ती कुणाच्या बापाच्या लक्षात राहणार? म्हणून त्या माळेला साधं नाव द्यायची सोय झाली. ही नावं सांभाळणारी एक कम्युनिटी आहे. तिला मालक नाही, साहेब नाही. नियम काय असावेत, निधी कशावर खर्च करावा, सगळं सभासद मतदानाने ठरवतात. सुरुवातीला ज्यांनी नावं घेतली त्यांना मतं वाटली गेली. ती स्वतः वापरा, नाहीतर विश्वासातल्या माणसाच्या हवाली करा. तो तुमचा डेलिगेट. ज्याच्याकडे जास्त मतं सोपवलेली, त्याचा शब्द तिथे चालतो.

कुणाचा चालतो, ते ओळखा.

*

याची सुरुवात झाली खालापूर फाट्यावर, प्रशांतदादाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. दर रविवारी क्लास रिकामा असायचा, तेव्हा आम्ही तिघं जमायचो. दादा, टेंपोवाला मंगेश आणि मी. मी रसायनीच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे, मला नवीन काही शिकायची हौस. मी तेव्हाच नावं घेऊन ठेवली. माझं, ह्यांचं, मुलांचं आणि आमच्या कुंभिवली गावाचंसुद्धा. त्यामुळे मतंही चांगली मिळाली.

सासूबाईंना दर रविवारी प्रश्न पडायचा, ही जाते कुठे? एकदा वाल सोलता सोलता त्यांनी विचारलंच, आमचं ऑफिस कुठे आहे. म्हटलं, ऑफिस नाही आई. सरपंच कोण? तोही नाही. त्यांनी हातातला वाल खाली ठेवला.

"मंग तुमी भांडता कुटं गं?"

"फोरमवर."

"म्हंजे हाय की सगळं," म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

हा किस्सा माझा. घडला माझ्यासमोर, सासूबाईंच्या वालांसकट. पण पुढे रुपालीने तो इंग्रजीत फोरमवर, म्हणजे कम्युनिटीच्या ऑनलाइन चर्चेच्या पानावर लिहिला आणि जगभर गाजला. लोक अजून सांगतात, खाली नाव रुपालीचं घालून.

*

रुपाली लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या दिराचं, नितीनभाऊजींचं, हायवेला फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, नारळ फोडणे, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर. रुपाली तिथे डिझाइन करायला बसायची. मधल्या वेळात काहीतरी शिकव म्हणाली, म्हणून मी शिकवलं. वॉलेट काय, डेलिगेट काय, मत कसं द्यायचं. माझ्याच हाताने! आपणच दिली ओसरी आणि आपल्यालाच जागा नाही.

त्या काळात कम्युनिटीने मोठी घोषणा केली होती. नावांसाठी आपली वेगळी स्वतःची ब्लॉकचेन बांधायची, म्हणजे नाव घेण्याचा खर्च उतरेल. मी जीव तोडून त्यावर मराठी स्लाइड्स बनवायला घेतल्या. रोज ड्युटीवरून आले की स्लाइड्स. तोवर रुपालीने फोरमवर एक ओळ लिहून टाकली, की आहे त्यात भागत असेल तर नवी कशाला?

मी तिला झापलं. असं वाट्टेल ते लिहू नये, लोक हसतात.

"मला कळलंच नवतं ओ ताई, म्हून इचारलं," ती म्हणाली.

पुढे मूळ चेनवरचाच खर्च उतरला. ज्यांनी नवी बांधायला घेतली होती त्यांनीच सांगून टाकलं, की आता तिची गरज उरली नाही, बेत रद्द. त्या दिवशी कुणीतरी रुपालीची जुनी ओळ उकरून वर आणली. सगळे म्हणायला लागले, काय दूरदृष्टी! भराभर तिच्याकडे मतं सोपवायला लागले.

माझ्या स्लाइड्स अजून डेस्कटॉपवर आहेत. फोल्डरचं नाव ‘फायनल’.

*

मंगेशचं वेगळंच. त्याला मतदानाचं भारी वेड. प्रस्ताव आला की टेंपो बाजूला लावून मत देणार, वर त्याचा स्टेटस ठेवणार. "आपली मतं हायत, आपण कुनाला घाबरत नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एका रविवारी प्रशांतदादाने त्याचा स्टेटस नीट मोठा करून पाहिला. मंगेशच्या मतापुढे शून्य होतं. मागचं पाहिलं, तिथेही शून्य. पहिल्या मतापासून सगळीकडे शून्य! इथे नियम असा, की मतं स्वतः वापरायची असली तरी ती आधी स्वतःच्या नावाने सोपवावी लागतात. नाहीतर ती झोपून राहतात. मंगेशने ते बटन कधी दाबलंच नव्हतं.

मंगेश खुर्चीत बसला. "आरं, मंग मी इतके दिवस काय करत व्हतो?"

"मत व्यक्त करत होतास," दादा म्हणाला.

मंगेशचा सगळा उत्साहच गेला. आता ही मतं कुणाच्या तरी हवाली करतो म्हणाला. मी शेजारीच बसले होते. मी चांगली सरळ होऊन बसले, पदर सारखा केला. त्याने माझ्याकडे बघितलं, विचार केला आणि सगळी रुपालीला दिली.

"वैनी, तुमी लय बिझी असता," म्हणाला.

*

कॉलचा किस्सा तर मी सांगूच नये, रक्त आटतं.

दरवर्षी वेगवेगळ्या टीम कम्युनिटीकडे कामासाठी पैसे मागतात. त्यावर ऑनलाइन कॉल होतो, जगभरचे डेलिगेट बसतात. त्या वर्षी एका टीमने तोंडाला येईल तेवढा आकडा मागितला होता. मी आधीच्या आठवड्यात त्याची चिरफाड करून फोरमवर टाकली होती, तक्त्यासकट. कुणी वाचली म्हणाल तर मीच, दोनदा.

कॉल चालू होता. टीमचा माणूस आकडा सांगून थांबला. आणि रुपालीचा माईक चालूच राहिला होता. दुकानाच्या दारात सुकी मासळी विकणारी मावशी आली होती.

"मावशे, येवढं कोण देतं गं? मागच्या टायमाला निम्मं किडकं निघालं. निम्म्यावर ये, नाय तर उचल पाटी."

कॉलवर कोण काय बोलतं ते इंग्रजीत खाली उमटतं. तसं हेही उमटलं. टीमचा माणूस घसा खाकरून म्हणाला, की मागच्या वर्षीच्या कामात त्रुटी राहिल्या हे आम्हाला मान्य आहे, आम्ही आकडा नव्याने मांडतो. पुढच्या कॉलला त्याने खरोखर निम्म्यावर आणला.

तेव्हापासून रुपाली कडक डेलिगेट म्हणून ओळखली जाते. मासळीवाली मावशी मात्र एक पैसा खाली आली नव्हती.

*

इथली नावं कायमची नसतात, त्यांना मुदत असते. मुदत संपली की थोडे महिने सवलतीचे, मग ते नाव कुणीही घेऊ शकतं. कुंभिवलीचं नाव माझ्याकडे होतं हे मी सांगितलंच. त्या वर्षी दुरुस्तीसाठी प्लँटला शटडाउन लागलं. रोज ओव्हरटाइम, रोज सॅम्पल, आणि नावाची मुदत संपली ते माझ्या डोक्यातूनच गेलं.

एके दिवशी एकदम आठवलं. बसमध्येच फोन उघडला. बघते तर नाव शाबूत, आणि पुढची कित्येक वर्षं भरून टाकलेली. इथे कुणाच्याही नावाची मुदत कुणीही भरू शकतं, नाव मूळ मालकाचंच राहतं. भरली होती रुपालीने.

घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, तुमी कामात व्हतात ना. आणि भाकरी उलटली.

तिने हे कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सासूबाईंना नाही, भाऊजींना नाही, फोरमवर नाही. सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आता नाव माझं आणि त्याचं आयुष्य तिने दिलेलं, हे मी एकटीने मनात घेऊन फिरायचं!

*

मग आली संक्रांत. आमच्याकडे हळदीकुंकवाला सगळी आळी येते. वाणाला त्या वर्षी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. बायका बसलेल्या, तिळगूळ चाललेला, आणि रुपाली भर बैठकीत म्हणाली, "ताई, वाट्या काय, दोघींच्या घरात तेच कपाट. आपन एकमेकींना मतं देऊया का वाणात?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नाही कसं म्हणणार? हळदीकुंकू लावलं, फोन हातात घेतले. मी माझी मतं तिच्या हवाली केली, तिने तिची माझ्या. माझी कितीतरी जास्त होती, कारण मी सुरुवातीची. तिची म्हणजे कामाबद्दल मिळालेली, मूठभर. बाकी जगाने तिच्यावर सोपवलेली मतं होती, पण ती अशी दुसऱ्याला देता येत नाहीत.

सासूबाईंनी विचारलं, काय दिलंस. म्हटलं, मतं.

"परत मागू नको हां. वाण परत घेतलं की घरातली बरकत जाते."

त्यानंतर डेलिगेटांच्या यादीत रुपाली सरसर वर गेली. मी रोज ड्युटीवर जाता-येता ती यादी उघडायची. लोक तिचं कौतुक करायचे आणि मी मनात म्हणायचे, करा, करा. माझं वाण काढून घेतलं तर काय उरतं तेही बघा एकदा.

*

मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती पहिल्या दिवसापासून हवी होती. कम्युनिटीच्या निधीतून छोट्या छोट्या कामांना मदत देणारा एक गट आहे. कुणाला द्यायची ते त्याचे कारभारी ठरवतात. लॅबमध्ये माझी सगळी नोकरी ‘टेस्टेड बाय’च्या पुढे सही करण्यात गेली. ‘अप्रूव्ड बाय’च्या पुढे नेहमी दुसऱ्या कुणाची तरी. एकदा तरी खालची सही माझी असावी, एवढंच.

कारभाऱ्याची एक जागा निघाली. मी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी बघते तर परदेशातल्या कुणीतरी रुपालीचं नाव सुचवलेलं. ती म्हणाली, एवढ्या मायेने सुचवलंय, नको कसं म्हणू? सासूबाई म्हणाल्या, घरात दोन उमेदवार बरे नव्हेत, एकीने माघार घ्या. आम्ही दोघीही "हो आई" म्हणालो आणि कुणीच घेतली नाही.

आठवडाभरात हायवेवर फ्लेक्स लागला. मधोमध हात जोडलेली रुपाली, भली मोठी. ‘जागतिक नाव कम्युनिटीच्या भावी कारभारी सौ. रुपालीताई यांना हार्दिक शुभेच्छा!’ खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे गोल. सासूबाई, आमचे हे, प्रशांतदादा, मंगेश आणि शेवटच्या गोलात मी. फोटो कुणाच्या तरी हळदीतला कापलेला. माझ्या खांद्यावर दुसऱ्या बाईचा कान आलेला.

मी दुकानात जाऊन म्हटलं, भाऊजी, मीसुद्धा उभी आहे.

"वैनी, तुमी बोललाच नाय," ते म्हणाले. "आन तुमाला फोटो काढल्याला कुटं आवडतो?"

दोन दिवसांनी वरच्या आळीतले एक आजोबा फ्लेक्स वाचून दुकानात आले, की ताई, आमच्याकडे पाणी येत नाही. दुसरी कुणी असती तर समजावून सांगितलं असतं, की आजोबा, हे वेगळं आहे. रुपालीने ग्रामपंचायतीत फोन लावला. संध्याकाळी पाणी आलं.

*

आता शेवटचा. हा बसमध्ये सांगितला तेव्हा मैत्रिणी हसल्या, पण मला अजून हसू येत नाही.

मतदान संध्याकाळी सुरू होणार होतं. त्या घटकेला ज्याच्याकडे जेवढी मतं, तेवढीच धरली जाणार. दुपारी लॅबमध्ये डबा खाल्ला, हात धुतले, फोन उघडला. सासूबाईंचा नियम आठवला. पण तो नियम वाट्यांचा. मतांना तो लागू असता तर त्यांनी तसं सांगितलं असतं. मी बटन दाबलं आणि माझी मतं परत घेतली.

मग यादी उघडून रुपाली घसरायची वाट बघत बसले. ती घसरली. पोत्यातून मूठभर तांदूळ काढल्यावर पोतं उतरतं, तेवढी. होती तिथेच होती. माझ्या वाणावर ती उभीच नव्हती. जगभरच्या, कधी न बघितलेल्या माणसांनी तिच्यावर मतं टाकलेली होती, आणि माझ्यावर कुणी? रुपालीशिवाय कुणीच नाही.

तेवढ्यात माझ्या आकड्याकडे लक्ष गेलं. तोही हवा त्यापेक्षा थोडा कमी वाटला. सगळ्यांचे व्यवहार तिथे उघडे दिसतात. माझ्या व्यवहाराच्या बरोबर वर, त्याच्या काही मिनिटं आधीचा, रुपालीचा व्यवहार होता. तिनेही तिची मतं माझ्याकडून काढून घेतली होती.

मी पेटले. मी निदान माझं होतं ते परत घेतलं. हिने दिलेलं वाण परत घेतलं!

संध्याकाळी घरी गेले. ती भाकऱ्या थापत होती, मी कालवण ढवळलं. मीठ हवं झालं तर जिचं तिने उठून घेतलं. सासूबाईंनी विचारलं, दोघींना काय झालंय. दोघी एकदमच म्हणालो, दमलोय.

मी माझी मतं मला दिली. प्रशांतदादानेही मलाच दिली. तीन दिवस मी मतदानाची यादी उघडली नाही. चौथ्या दिवशी उघडली तर माझ्या नावापुढे डोंगर उभा. तो डोंगर एकाच मताचा होता, रुपालीच्या. तिची स्वतःची आणि जगाने तिच्यावर सोपवलेली, सगळीच्या सगळी तिने मला टाकली होती. मत देताना कारण लिहायची सोय असते. तिने लिहिलं होतं, ‘ताई मोठ्या आहेत.’

मोठ्या आहेत म्हणून! हुशार आहेत म्हणून नाही, काम केलं म्हणून नाही. वयाने मोठ्या.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "मग वाण परत का घेतलंस?"

तिने पीठ मळता मळता माझ्याकडे बघितलं. "आन तुमी का घेतलंत, ताई?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी पाणी प्यायला माठाकडे गेले.

निकाल लागला. निवडून मी आले. फोरम उघडला तर निकालाखाली अभिनंदनाची रांग, हार्टच हार्ट. सगळे रुपालीला. केवढं मोठं मन, अशी माणसं आहेत म्हणून ही कम्युनिटी आहे, वगैरे. एकाने मात्र माझं नाव घेऊन मला लिहिलं होतं, की अशी जाऊ मिळायला नशीब लागतं.

निदान आता फ्लेक्स तरी माझा लागेल, म्हणून मी यावेळी भाऊजींना आधीच स्वच्छ सांगून ठेवलं. चौकातल्या स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढला, पैठणी नेसून. तो त्यांना पाठवला. ते म्हणाले, "वैनी, काळजी नको, उद्या लागतो बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस हायवेला वळली आणि मैत्रिणी ओरडल्या, सुषमा, तुझा फ्लेक्स! मी उठून खिडकीशी गेले. फ्लेक्स पहिल्यापेक्षा मोठा होता. मधोमध रुपाली.

‘थोरल्या जाऊबाईंना कारभारीपदी निवडून आणल्याबद्दल सौ. रुपालीताई यांचे हार्दिक अभिनंदन!’

खाली शुभेच्छुकांचे गोल. यावेळी पहिल्या गोलात मी होते. पैठणीतला फोटो खरंच छान आला होता.